मशीन थरथरतंय? बेअरिंग बदलण्याआधी स्टँड बघा

मसाला कांडप किंवा गिरणी टाकताना आपण मोटर किती एचपीची, एवढंच विचारतो. स्टँडकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. पैसे वाचवायला पातळ अँगलचा उंच स्टँड करून घेतला. ऐन एप्रिलमध्ये, मिरचीच्या सीझनला, बेअरिंग गेलं. नवीन टाकलं, तेही पंधरा दिवसांत गेलं. गिऱ्हाईक पिशव्या उचलून दुसरीकडे! दोष स्टँडचा होता.

कारण समजून घ्या. साधी चार पोलची मोटर मिनिटाला साधारण 1440 फेरे मारते, म्हणजे सेकंदाला 24. फिरणाऱ्या भागात जरासा असमतोल असला, तरी स्टँडला सेकंदाला 24 हिसके बसतात. वरच्या वजनासकट स्टँडचीही हलण्याची स्वतःची गती असते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो ना? तसंच इथे होतं. दोन्ही गती जुळल्या की कंपन कित्येक पट वाढतं. यालाच रेझोनन्स म्हणतात. दोन गतींत किमान 20-25 टक्के फरक हवा. पट्ट्यावरच्या मशीनच्या शाफ्टची गती वेगळी असते, तीही धरा.

ओळखायचं कसं? मशीन रिकामं चालवून बंद करा. गती थोडी उतरताच थरथर झपकन कमी झाली, तर स्टँडवर संशय घ्या. स्विच बंद केल्याच्या क्षणीच थांबली, तर मोटरचा इलेक्ट्रिकल दोष असू शकतो.

आता उपाय:

1. स्टँड बुटका ठेवा, पाय रुंद ठेवा.
2. बाजूंना तिरक्या पट्ट्या वेल्ड करा. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही.
3. मोटर आणि मशीन एकाच मजबूत बेसवर बसवा, म्हणजे पुली एका रेषेत राहतात.
4. मशीन बंद असताना एकेक बोल्ट सैल करा. पाय उचलला गेला, तर खाली पत्र्याचं पॅकिंग द्या. नुसता बोल्ट आवळू नका, बॉडी पिळते.
5. पल्व्हरायझरचे बीटर बदलताना पूर्ण सेट बदला, समोरासमोरचे सारख्या वजनाचे घ्या.

रबर पॅड लावला की झालं, असं समजू नका. पॅड जमिनीकडे जाणारं कंपन कमी करतो, लेचापेचा स्टँड मजबूत करत नाही.

फॅब्रिकेटरकडे जाताना फक्त भाव विचारू नका. मशीनचं वजन आणि फेरे कागदावर लिहून न्या. दुकान सीझनमध्ये बंद राहणं, हा सगळ्यात महाग खर्च आहे.