गप्प मुलाला सरळ विचारावे



दर जूनमध्ये लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना खेड्यापाड्यांतून मुले येतात. अनोळखी खोली, मेसचे जेवण, भरगच्च वर्ग, माइकचा आवाज. बहुतेक मुले महिनाभरात रुळतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला मात्र हे रोज नव्याने सोसावे लागते. त्यातून तो हुशार असला, तर त्याची स्वमग्नता कुणाच्या ध्यानातच येत नाही. तो 'एकलकोंडा', 'हट्टी' ठरतो. चारचौघांसारखे दिसावे म्हणून दिवसभर इतरांची नक्कल करतो आणि रात्री गळून जातो.

अशा किशोरवयीन मुलामुलींमध्ये स्वतःला इजा करून घेणे आणि आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा बरेच जास्त आढळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. चांगले गुण मिळतात म्हणून धोका टळत नाही.

घरचे फोनवर विचारतात, "बरं आहे ना?" तो म्हणतो, "हो." जेवण झाले, ताप नाही, म्हणजे बरेच आहे! यांपैकी बरीच मुले शब्दाचा सरळ अर्थ घेतात, आणि मनातल्या दुःखाला नाव देणे त्यांना अवघड जाते. चेहऱ्यावरूनही कळेलच असे नाही. (धर्मशिक्षणाच्या वर्गात "इकडे बघून बोल" असे आम्हीही कितीदा दटावले आहे. न बघताही मूल ऐकत असते, हे आम्हांला उशिरा कळले.) म्हणून स्पष्ट विचारावे : "जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती खरी नाही. बोलवत नसेल तर लिहू द्यावे. उत्तर "हो" आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत, एकटे सोडू नये. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो. मराठीत बोलता येते. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

काही आईवडील पापाच्या भीतीने गप्प राहतात. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते, हे खरे. १९८३ च्या संहितेत ते कलम नाही. गंभीर मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते, त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असे १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली मानून उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

रविवारी मिस्सेनंतर गर्दी पांगेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर असतो. गर्दीमुळे मुलाला आत यायचे नसेल, तर त्याने तिथे यावे. चिठ्ठी दिली तरी चालेल.