न दिसणाऱ्या विषाणूची खूण

पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातील बाळाची हालचाल थांबते आणि मृत बाळ जन्माला येते. अंग सुजलेले, छातीत व पोटात पाणी साठलेले. मग घरात कुजबूज सुरू होते. कोणी ग्रहणाला दोष देतो, कोणी सुनेला. वार पुरून टाकली जाते आणि पुष्कळदा खरे कारणही तिच्याबरोबरच मातीत जाते.

बाळाच्या अंगात असे पाणी होण्याची कारणे अनेक आहेत. आई आणि बाळ यांच्या आरएच रक्तगटातील विसंगती, बाळाच्या हृदयातील किंवा गुणसूत्रांतील दोष, थॅलॅसेमियाचा एक प्रकार ही त्यांपैकी काही. आणखी एक कारण म्हणजे पार्व्होव्हायरस बी-१९ हा विषाणू. लंडन येथे १९७५ साली इव्हॉन कोसार्ट व त्यांचे सहकारी काविळीच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने पाहत असताना तो योगायोगाने सापडला. ‘बी’ गटातील १९ क्रमांकाच्या नमुन्यात तो होता, म्हणून हे नाव. कुत्र्यांच्या पिलांना होणारा पार्व्हो वेगळा. तो माणसाला होत नाही.

लहान मुलांत हा विषाणू थोडा ताप आणि गालावर चपराक बसल्यासारखी लाली एवढेच करून जातो. सावळ्या कातडीवर ती लाली चटकन ध्यानात येत नाही, त्यामुळे आपल्याकडे तो नुसता ‘साधा ताप’ ठरतो. पण या विषाणूला वाढण्यासाठी रक्ताच्या तांबड्या पेशी तयार करणाऱ्या कोवळ्या पेशीच लागतात. तेथे तो शिरला, की आठवडा-दहा दिवस तांबड्या पेशींचे उत्पादन बंद पडते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे एवढा खंड त्याला जाणवतही नाही. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी जेमतेम १०-२० दिवस टिकते, म्हणून त्याचे हिमोग्लोबिन एकाएकी घसरते. विदर्भातील आणि नंदुरबारकडील वाचकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. पोटातील बाळाची वाढ झपाट्याची असल्याने त्यालाही हा खंड सोसत नाही. तीव्र पंडुरोग होतो, हृदय थकते आणि अंगात पाणी साठते.

आता हा विषाणू ओळखायचा कसा? त्याचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. एका तांबड्या पेशीच्या रुंदीत असे तीनशे विषाणू रांगेने बसतील. प्रयोगशाळेतील नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक गोष्ट स्पष्ट दिसत नाही. म्हणजे विषाणू स्वतः दिसत नाही. चोर दिसला नाही तरी फोडलेले कुलूप दिसते, तसाच हा प्रकार आहे.

वारेचा किंवा बाळाच्या यकृताचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतात आणि ते रंगवतात. निरोगी पेशीचे केंद्रक गडद जांभळे दिसते. विषाणूने ग्रासलेल्या कोवळ्या पेशीचे केंद्रक मात्र फुगलेले असते. मध्यभागी फिकट गुलाबी, घाशीव काचेसारखा डाग आणि जांभळा भाग रेटला जाऊन कडेला बारीक वळ्यासारखा. पेटलेल्या कंदिलासारखी दिसते म्हणून डॉक्टर तिला ‘लँटर्न सेल’ म्हणतात. पोटातील बाळाच्या रक्तात केंद्रक असलेल्या कोवळ्या पेशी फिरत असतात, म्हणून वारेच्या रक्तवाहिन्यांतही हे कंदील सापडतात. मोठ्या माणसात त्या पाहायच्या तर अस्थिमज्जा तपासावी लागते. तेथे नेहमीपेक्षा पुष्कळ मोठ्या, राक्षसी म्हणाव्यात अशा कोवळ्या पेशी दिसतात आणि पुढच्या टप्प्यातील पेशी जवळजवळ नसतातच.

तरीही नुसत्या डोळ्यावर विसंबून चालत नाही. सायटोमेगॅलो व नागीण गटातील विषाणूही केंद्रकात डाग पाडतात, जरी ते वेगळ्या जातीच्या पेशींत आणि वेगळ्या रूपात असले तरी. शंका असेल तेव्हा त्याच कापावर बी-१९ ला चिकटणारी रंगीत प्रतिद्रव्ये टाकतात. विषाणू असेल तर नेमक्या त्याच पेशी रंगतात. पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील खरी, पण जुन्या संसर्गाचे अवशेषही ती महिनोन्‌महिने दाखवते. बिघाड आत्ताचा आहे की जुना, हे पेशी पाहून अधिक खात्रीने कळते. एचआयव्हीबाधित किंवा मूत्रपिंड बदललेल्या रुग्णात प्रतिद्रव्येच नीट तयार होत नाहीत, तेव्हा रक्ताची प्रतिद्रव्य-चाचणी फसवू शकते. अशा वेळी अस्थिमज्जेचा उपयोग होतो.

हे कळून काय साधते? एकदा बी-१९ होऊन गेला, की निरोगी आईला बहुधा जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. पुढच्या खेपेस याच कारणाने बाळ जाण्याची भीती जवळजवळ राहत नाही. कारण आरएचचे निघाले, तर मात्र पुढच्या गरोदरपणात आधीपासून उपाय करावे लागतात. संसर्ग झालेल्या बहुतेक गरोदर स्त्रियांची बाळे सुखरूप जन्मतात, हेही सांगितले पाहिजे. सोनोग्राफीत पाणी वेळीच दिसले, तर मोठ्या रुग्णालयांत पोटातील बाळाला नाळेतून रक्त देता येते.

म्हणून असा प्रसंग ओढवला, तर वार आणि शक्य असल्यास बाळही तपासणीला द्यावे. घरच्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. वार कोरडी, मिठात किंवा स्पिरिटमध्ये ठेवू नये. रुग्णालयातूनच ती १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत, पूर्ण बुडेल अशी पाठवावी आणि सोबतच्या चिठ्ठीवर गरोदरपणाचे आठवडे, आईचा रक्तगट व घरात कोणाला ताप-पुरळ आले होते का, हे लिहावे.