दुखणं एकाच बाजूचं

गाल एकाच बाजूचा सुजला, त्याच बाजूचं नाक चोंदलं, वरचे दात हलायला लागले आणि माणसाला साखर आहे, असं जुळून आलं की दाढेच्या गोळ्या घेत बसू नये. आमच्या शहागड गावात मी हे पाहुण्यारावळ्यांनाही सांगतो, कुणी विचारो न विचारो. माझा उजवीकडचा वरचा जबडा २०२१ साली काढावा लागला.

साखर मला जुनीच. कोरोनात ऑक्सिजन लागला, म्हणून स्टिरॉइड दिलं. त्याला मी नावं ठेवत नाही. ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोनने वाचतात, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत २०२० सालीच दिसलं होतं. पण स्टिरॉइडने साखर भडकते आणि बुरशीला अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. घरी सोडताना साखर रोज मोजा, असं कुणी बोललं नाही. आधी गालाला मुंग्या आल्या, मग बधिरपणा, मग दाढ ठणकायला लागली. दाढ काढली, तर जखम भरेना.

तो म्युकर नावाच्या बुरशीचा रोग होता. ही बुरशी काही परदेशातून आलेली नाही. शेणखत, कुजका पाला, ओला कडबा, शिळी भाकरी, सगळीकडे ती असते. गोदाकाठी उसात राबणाऱ्या आमच्यासारख्यांच्या नाकात तिचे कण रोजच जातात आणि धडधाकट शरीर ते निस्तरतं. साखर हाताबाहेर गेली, कर्करोगाची औषधं चालू असली किंवा दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं असलं, की ती नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत रुजते, रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बुजवते. रक्त पोचेनासं झालं की मांस मरतं, आणि मेलेलं मांस काळं दिसतं. बुरशीचा स्वतःचा रंग काळा नसतो. टाळूवर काळं दिसत नाही म्हणून निर्धास्त राहिलेले किती तरी जण मला वॉर्डात भेटले. काळं दिसतं ते उशिरा. डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, नाकातून रक्ताळलेलं पाणी येणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी गाडी काढावी.

औरंगाबादला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, एमआरआय केला. मेलेलं मांस कापून काढल्याशिवाय औषध तिथवर पोचतच नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. औषध म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिन बी. त्यातला लिपोसोमल प्रकार वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या, रोज. त्या मे महिन्यात देशभरच कुप्या मिळेनात. केंद्राने २० मे रोजी राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्याच भागातले, त्यामुळे ‘साहेबांकडे शब्द टाका’ म्हणणारेही पुष्कळ निघाले! टंचाई काही त्याने हटणार नव्हती. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा आजार घेतला होता. नातेवाइकांनी दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आधी गाठावं. औषध मूत्रपिंडाला जड जातं, पोटॅशियम उतरतं. त्यामुळे रक्ताच्या तपासण्या ‘कालच तर झाल्या’ म्हणून टाळू नयेत.

गावात तोवर वेगळंच चाललेलं. कांद्यावरच्या काळ्या पुटाने रोग होतो म्हणून बायकांनी कांदे फेकले. ती बुरशी निराळी. तुरटी, हळद, सैंधव आणि मोहरीचं तेल असा उतारा फोनवर फिरत होता. त्यात दिवस जातात, दुसरं काही होत नाही. माझं ताट वेगळं ठेवणाऱ्यांना सांगून दमलो, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आता टाळूच्या जागी कवळीसारखा कृत्रिम तुकडा आहे. तो काढला की बोलणं नाकातून येतं, पाणी नाकात चढतं. सवय होते, भाकरी मात्र कालवून खावी लागते.

कोरोना ओसरला तरी साखर आणि स्टिरॉइड गावोगाव आहेतच. गुडघेदुखीला आठवडी बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा गोल होतोय, साखर विनाकारण चढतेय, असं दिसलं तर पुडी डॉक्टरांपुढे ठेवा. फार दिवस खात असाल तर एकदम सोडूही नका; अंगाला सवय झालेलं स्टिरॉइड अचानक तुटलं तर रक्तदाब कोसळू शकतो. ते कसं उतरवत आणायचं, हे डॉक्टरच ठरवतील.