वनौषधी, जीवनसत्त्वे आणि आपले यकृत

मधुमेही रुग्णांचे आप्त आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर पुष्कळदा एक पिशवीही असते. तीत कारल्याच्या रसाची बाटली, मेथीचे चूर्ण, गुळवेलीच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वांची एखादी डबी निघते. ‘झाडपाल्याचेच आहे, त्याने अपाय तो काय होणार?’ हा प्रश्नही ठरलेला असतो. त्याचे उत्तर घाईने देणे उचित नव्हे, म्हणून या अहवालाच्या निमित्ताने त्याचा विचार करीत आहोत.

वनस्पतींत औषधी गुण असतात याविषयी दुमत नाही. मधुमेहावर सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषधच एका वनस्पतीच्या अभ्यासातून आले. युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झुडपात गॅलेजिन नावाचे द्रव्य असते. ते रक्तातील साखर उतरवते. परंतु विषारी असल्याने औषध म्हणून टिकले नाही. त्याच्याशी रासायनिक नाते असलेल्या मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग डॉ. जाँ स्टर्न यांनी फ्रान्समध्ये १९५७ साली प्रसिद्ध केला. द्रव्य कोणते, मात्रा किती आणि अपाय कोणता हे ठरल्यावरच वनस्पतीचे औषध झाले.

हीच कसोटी इतरांनाही लावावी लागते. भुईआवळ्याने हिपॅटायटिस ‘बी’चे वाहक बरे होतात, असा निष्कर्ष मद्रास येथील अभ्यासातून १९८८ साली मांडला गेला. मोठी आशा निर्माण झाली. परंतु पुढील चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. सिलिमारिन या अर्काची हिपॅटायटिस ‘सी’वरील चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीतही लाभ आढळला नाही. कारल्याविषयीचा पुरावा अद्याप अपुरा आहे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांबरोबर त्याचा रस घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

पोटात गेलेल्या बहुतेक औषधी द्रव्यांचे पचन-विघटन यकृतातच होते, आणि अनेक मधुमेहींचे यकृत आधीच मेदयुक्त असते. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीवर आक्षेप घेऊन, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होण्याची शक्यता दाखवली. वाद काहीही असो, चूर्ण झाल्यावर वेल ओळखणे सामान्य ग्राहकास अशक्य, हे उघड आहे. स्वयंपाकातील चिमूटभर हळद निर्धोक आहे. परंतु मिरीतील पायपरिन मिसळलेल्या तिच्या तीव्र अर्काचे शोषण कितीतरी वाढते. अशा अर्कांमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेत झाल्या आहेत.

जीवनसत्त्वांचेही असेच आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. पायांना येणारी बधिरता मग मधुमेहाचीच समजली जाते आणि साधा उपाय राहून जातो. म्हणून ही तपासणी आवश्यक. उलट, ‘ड’ जीवनसत्त्वाने मधुमेह टळतो का, हे पाहणाऱ्या २०१९ सालच्या मोठ्या चाचणीत लक्षणीय लाभ दिसला नाही. ‘ई’ जीवनसत्त्वाने मेदयुक्त यकृताचा दाह काही रुग्णांत कमी झाल्याचे २०१० साली आढळले. पण त्या चाचणीत मधुमेही नव्हते. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक तर यकृतासच घातक ठरतो.

काही काळापूर्वी एक वृद्ध गृहस्थ काविळीने आमच्याकडे दाखल झाले. कारण सापडेना. चौथ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी संकोचाने चूर्णाची एक पुडी पुढे केली. डॉक्टर रागावतील, या भीतीने ती लपवून ठेवली होती. चूर्ण थांबवल्यावर कावीळ हळूहळू ओसरली; परंतु ते चार दिवस वाचले असते.

म्हणून रुग्णांच्या आप्तांना आमची नम्र विनंती आहे : येताना ती पिशवी अवश्य सोबत आणा. कोणीही रागावणार नाही. मात्र कोणत्याही चूर्णाच्या भरवशावर इन्सुलिन वा गोळ्या स्वतःहून बंद करू नका. परंपरेविषयीचा आदर आणि तपासणीचा आग्रह यांत विरोध नाही. रुग्णाच्या हितासाठी दोन्ही हवेत.