आल्याची साखर : कृती व वाळवण

आले काढताना कुदळीने तुटलेले गड्डे व बारीक बोटे बाजारात हलक्या भावाने जातात. तुटलेल्या जागेतून कूज शिरत असल्याने ती फार दिवस ठेवताही येत नाहीत. अशा मालाची घरच्या घरी साखर केल्यास तो वाया जात नाही. मात्र कुजका वा बुरशी आलेला गड्डा साखरेसाठी मुळीच घेऊ नये.

हंगाम : सातारा भागात एप्रिल-मे महिन्यांत लावलेले आले आठ-नऊ महिन्यांनी काढणीस येते. त्या वेळी हवा कोरडी असते. साखर करण्यास व वाळविण्यास हाच काळ योग्य होय.

कृती : आले स्वच्छ धुऊन, साल खरवडून किसावे व फडक्यातून रस पिळावा. रस अर्धा तास स्थिर ठेवल्यास तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्यातील पिष्ट होय. वरचा निवळ रस तेवढा ओतून घ्यावा. १ किलो साखरेस २५० मिलिलिटर रस घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळावे. पाक घट्ट होऊन कडेने पांढरा दिसू लागला की पातेले उतरवून जोराने घोटावे. थोड्याच वेळात पाकाची रवाळ साखर होते. तापलेला पाक अंगावर उडाल्यास मोठी इजा होते. म्हणून मुलांना दूर ठेवावे.

पाकात लिंबू पिळू नये. आंबटपणाने उकळत्या पाकातील काही साखरेचे विघटन होते, रवा नीट धरत नाही व माल चिकट राहतो. गुळास पावसाळ्यात पाणी सुटते, त्याचेही एक कारण अशी विघटित साखर हेच होय.

वाळवण : गुठळ्या फोडून साखर चाळावी व ताटात बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर पसरावा. वर विरळ कापड बांधून हवेशीर सावलीत ठेवावी. कडक उन्हात आल्याचा वास उडतो. मुंग्या येऊ नयेत म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. सायंकाळी ताटे घरात घेऊन झाकावीत. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांवर गेली की साखर हवेतील ओल शोषून विरघळू लागते. मुठीत दाबलेली साखर मूठ उघडताच मोकळी झाली, म्हणजे ती वाळली असे समजावे.

साठवण : साखर पूर्ण निवाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. ओला चमचा घालू नये. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये आधी नोंदणी करावी.

प्रात्यक्षिक : गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटापुढे दोन लहान घाणे करावेत, एकात लिंबू पिळावे, दुसऱ्यात पिळू नये. दोन्ही ताटे शेजारी ठेवल्यास, साखर कशाने बिघडते हे भगिनींना स्वतःच्या हाताने चाचपून पाहता येईल.