दातांवर खापर नको

अगं, दात येताहेत म्हणून बाळाला पातळ होतंय, हे तुझ्या सासूबाई म्हणतात तसं आपली आईही म्हणायची. पण दातांनी जुलाब होत नाहीत. आठव्या महिन्यात लेकरू रांगतं, सापडेल ते तोंडात घालतं, आणि त्यात तुझी ती दुधाची बाटली! कितीही उकळ, बुचात दूध अडकून राहतंच. वाटी-चमचा पुरे.

जुलाब लागलेत म्हणून अंगावरचं दूध तोडू नकोस, खाणंही थांबवू नकोस. पोटाला आराम द्यायच्या नादात लेकरं वाळतात. ओआरएसचं अख्खं पाकीट 1 लिटर पाण्यात कालव आणि 24 तासांनी उरलेलं फेकून दे. तुमचं संग्रामपूर खारपाणपट्ट्यातलं. ओआरएससाठी विहिरीचं मचूळ पाणी नको, वाण धरणाचं नळाचं पाणी उकळून गार कर. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घे. रोज 20 मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून, सलग 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या चालूच ठेवायच्या.

आता जे मला खरं बोलायचंय ते. तू त्याला वरणावरचं पाणी पाजतेस ना? त्यात पाणीच जास्त, माय! पोटात असताना आईकडून मिळालेलं लोह सहा महिन्यांत संपत येतं. दुधात, मग ते तुझं असो की म्हशीचं, लोह अगदी थोडं. म्हणून लेकरू गुबगुबीत दिसूनही फिकं पडतं, आणि अशक्त लेकराला पुन्हा जुलाब गाठतात. मुगाची खिचडी घट्ट कर, चमच्यावरून ओघळू नये इतकी, वर थोडं तूप. त्यात शेवग्याचा कोवळा पाला शिजवून घोटून घाल, लिंबाचे दोन थेंब पीळ. लिंबानं लोह अंगी लागतं. घरात अंडं चालत असेल तर फारच छान. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र बंद, चहा लोह अडवतो. जुलाब थांबले की अंगणवाडीत वजन करून घे आणि लोहाच्या औषधाचंही विचार.

आणखी एक. शेजारच्या मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाला चटके दिल्याचं 2025 मध्येही उघडकीस आलं. कोणी असलं काही सुचवलं तर सरळ नाही म्हण, मग बोलणारं माणूस कितीही मोठं असो.

शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर 108 ला फोन लाव. जावईबापू शेतातून येईपर्यंत थांबू नकोस.