गरजांची उतरंड : खरी किती, मानीव किती?



जुन्या घरातली उतरंड तुम्ही पाहिली असेल. तळाशी मोठे मडके, त्यावर त्याहून लहान, असे करत शेवटी एवढेसे बोळके. माणसाच्या गरजाही अशाच एकीवर एक रचलेल्या असतात, असा एक सिद्धान्त मानसशास्त्राच्या आणि बी.एड.च्या पुस्तकांतून हटकून भेटतो. तळाशी अन्न, पाणी, झोप, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम व आपलेपणा, मग मानसन्मान, आणि शेंड्यावर आत्माविष्कार, म्हणजे अंगच्या गुणांचे चीज करणे. खालची गरज बरीचशी भागली की मगच माणूस वरच्या गरजेकडे वळतो, असे त्याचे म्हणणे. विद्यार्थी पाच थरांचा त्रिकोण काढतात आणि गुण मिळवतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे माझा प्रश्न सरळ आहे : हे कशावरून?

सिद्धान्ताचे जनक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो (१९०८–१९७०). त्यांचे पीएच.डी.चे संशोधन माकडांमधील वर्चस्वावर होते. आत्माविष्काराची कल्पना त्यांनी कुर्ट गोल्डस्टाइन यांच्याकडून घेतली. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे हे डॉक्टर. मॅस्लोंचा मूळ लेख जुलै १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचला तर गंमत वाटते. त्यात तो प्रसिद्ध त्रिकोण कोठेच नाही! तो पुढे १९६० मध्ये व्यवस्थापनावरच्या एका लेखात आला, आणि त्याचे लेखक होते चार्ल्स मॅकडर्मिड. लेखात आकडे मात्र आहेत. सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागतात, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, मानाची ४० आणि आत्माविष्काराची १० टक्के. पण हे आकडे केवळ उदाहरणादाखल मनाने घेतले आहेत, असे मॅस्लो स्वतःच सांगतात. म्हणजे यामागे मोजमाप नाही. पुढे त्यांनी 'आत्माविष्कार साधलेल्या' माणसांचा अभ्यास केला, तोही आपणच निवडलेल्या माणसांचा. लिंकन, आइन्स्टाइन यांची नावे त्यात होती. आधी आपल्याला थोर वाटतील ते निवडायचे आणि मग थोरांची लक्षणे त्यांच्यातूनच काढायची, हे वर्तुळात फिरणे झाले.

योगायोग असा, की त्याच जुलै १९४३ मध्ये, २४ तारखेला, वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून निसटले. तुरुंगात छप्पर होते, दोन वेळचे जेवण होते. बाहेर बंदुका होत्या. वसंतदादांना गोळी लागली, काही साथीदारांचे प्राण गेले. त्या काळात आजच्या सातारा-सांगली भागात प्रतिसरकार चालवणारे कित्येक भूमिगत कार्यकर्ते अन्न आणि सुरक्षितता दोन्ही सोडून रानोमाळ हिंडत होते.

मग सिद्धान्त कोसळला का? नाही. ध्येयासाठी सर्वस्व सोडणारे लोक असतात, हे मॅस्लोंनी लेखातच मान्य केले आहे. पण गोम इथेच आहे. भुकेला माणूस अन्नामागे धावला तर सिद्धान्त खरा, आणि भूक विसरून ध्येयामागे धावला तर तो अपवाद. मग सिद्धान्त चुकणार तरी कधी? बॉइलच्या नियमाशी तुलना करा. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला तर वायूचे आकारमान निम्मे व्हायला हवे. तसे झाले नाही तर नियमाला जाब द्यावा लागतो.

तपासण्या झाल्याच नाहीत असे नव्हे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांच्या मनात अन्नाखेरीज काही उरेना. हा तळच्या मडक्याच्या बाजूचा पुरावा. पण युद्धात उपासमार झालेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हेच तरुण आपणहून पुढे आले होते! १९७६ मध्ये वाहबा आणि ब्रिडवेल यांनी तोवरचे संशोधन चाळले, तेव्हा ठरावीक क्रमाला फारसा आधार सापडला नाही. २०११ मध्ये टे आणि डीनर यांनी १२३ देशांतील साठ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. या गरजा सर्वत्र आढळल्या, आणि त्या भागल्या की माणूस सुखावतो हेही दिसले. मात्र खालची गरज अपुरी असतानाही वरची भागल्याचा लाभ होतो, असे आढळले.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. 'आधी पोटाचे बघ, चित्रकला-बित्रकला नंतर,' असे गरीब मुलाला सांगताना याच त्रिकोणाचा दाखला दिला जातो. १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. खर्च भागेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. उपाशी मुलाच्या डोक्यात धडा शिरत नाही, हे भाऊराव जाणून होते. म्हणून भाकरी होतीच. पण भाकरी, आपलेपणा, कष्टाचा मान आणि शिक्षण या गोष्टी मुलांना तेथे एकाच वेळी मिळत होत्या. थर एकामागून एक भरण्याची वाट कोणी पाहिली नाही.

एक तपासणी तुम्हीही करू शकाल. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत १९७२ चा दुष्काळ पाहिलेली वडीलधारी माणसे आहेत. त्या वर्षी घरातले काय बंद पडले आणि काय चालू राहिले, हे त्यांना विचारा. मुलांची शाळा, सणवार, पंढरीची वारी, पाहुण्यांचे येणेजाणे, सारे विचारा. मात्र उतरंड खरी असेल तर काय आधी बंद पडायला हवे, ते विचारायला जाण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा आणि खाली तारीख घाला. उत्तरे हाती आल्यावर ते पान बदलायचे नाही.